कमळामावशी आणि चाळीस अनाथ

कमळामावशीला राग कोणाचा येत नाही हे सांगणं सोपं आहे. मुलांचा येत नाही. बाकी सगळ्या जगाचा येतो. ती बाजारात शिरली की मासेवाल्या आधी आपापल्या टोपल्या न्याहाळून घेतात, कारण कालचा बांगडा आजच्यात मिसळलेला तिला लांबूनच कळतो आणि मग त्या एकीलाच नव्हे, सगळ्या ओळीला ऐकून घ्यावं लागतं. एसटीचे कंडक्टर तिला ओळखून आहेत. चर्चच्या कमिटीतली माणसं तिला बघून रस्ता बदलतात असं तीच सांगते, आणि सांगताना खूश असते. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळी, नाक तेवढं मोठं. तिचा राग रोज पहाटे पाच वाजता शेगडीबरोबर पेटतो आणि मुलं झोपेपर्यंत मंद आचेवर चालू राहतो.

रत्नागिरी शहर संपून सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, लागतो तिथे जांभ्या दगडाच्या एका बसक्या इमारतीत ख्रिस्ती ट्रस्टचं एक बोर्डिंग आहे. निराधार मुलं तिथे राहतात आणि कुंपणापलीकडच्या शाळेत शिकतात. कमळा तिथली स्वयंपाकीण, मेट्रन आणि दुखण्याखुपण्याला डॉक्टरसुद्धा. ठरवून मात्र ती यातलं काहीच झाली नाही. नवरा काविळीने गेला तेव्हा ती एकोणतिसाची होती. घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ती चर्चमधल्या बायकांबरोबर दर शनिवारी बोर्डिंगमधल्या मुलींची डोकी विंचरायला जायला लागली. सेवा म्हणून. पहिल्याच शनिवारी तिने सतरा डोकी विंचरली आणि बाकीच्या बायका विंचरता विंचरता गात होत्या ते गाणं बंद पाडलं. "गाताय काय, फणीकडं बघा. उवा तशाच ऱ्हातायत," म्हणाली. बाकीच्या बायका दोन-तीन पावसाळ्यांत एकेक करून गळाल्या. कमळा राहिली ती राहिलीच. शनिवारची रोजची झाली, मग मागच्या दोन खोल्या तिला मिळाल्या, मग स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आलं.

देणाऱ्या माणसांवर तिचा विशेष राग. त्यांच्याकडून घेतल्याशिवाय भागत नाही हे तिला कळतं, म्हणून तो जास्तच. एकदा शहरातल्या एका बड्या घरून कपड्यांचं गाठोडं आलं. उघडलं तर वर दोन बरे फ्रॉक आणि खाली बटणं काढून घेतलेले शर्ट. कमळाने रिक्षा बोलावली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्या घराच्या दारात नेऊन ठेवलं. "बटणं तुमच्याकडंच राहिली. ती लावा नि मग पाठवा." वाढदिवसवाले तर तिला डोळ्यांसमोर नकोत. आपल्या पोराचा वाढदिवस अनाथ मुलांबरोबर साजरा करायला लोक गाडी घेऊन येतात, केक कापतात आणि बोर्डिंगच्या मुलांनी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. एका बाईंनी विचारलं, "मुलं थँक्यू म्हणत नाहीत का हो?" कमळा म्हणाली, "म्हणतात. पोट भरल्यावर म्हणतात. आधी जेवू दे त्यांना."

पण तिला सगळ्यात जास्त खुपायचा तो फाटकावरच्या फलकातला 'अनाथ' हा शब्द. बोर्डिंगात मुलं चाळीस. त्यांत खरोखर कोणी नसलेली नऊ. ती नऊ नावं कमळाला पाठ. उरलेल्या एकतीस जणांचं कोणी ना कोणी होतं. कोणाची आई दाभोळला सुकट निवडायला जात होती. कोणाचा बाप मुंबईत होता, पण कुठे ते त्याचं त्यालाच ठाऊक. कोणाची आत्या, कोणाचा आजा. गरिबीपायी, आजारापायी, दारूपायी पोरं इथे आली होती. पण माणसं होती, आणि ती माणसं गणपतीला पोरांना न्यायला यायची.

गणपतीला घरी जायचं म्हणजे कोकणात काय असतं, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दिवाळीला कोणी आलं नाही तर चालून जातं. गणपतीला घराची मोजदाद होते. आरतीला कोण उभं आहे, पंगतीला कोण बसलंय, त्यावरून त्या घरात माणसं किती ते ठरतं. कमळा जन्माने ख्रिस्ती, तिच्या घरी गणपती कधी आला नाही. पण रत्नागिरीत जन्म काढल्यावर एवढं कळायला वेगळा धर्म लागत नाही. हरतालिकेच्या दिवशी सकाळपासून फाटकात माणसं जमायची. कमळा पोरांना तेल लावून, भांग पाडून एकेकाला ताब्यात द्यायची आणि उशिरा येणाऱ्यांना चार शब्द ऐकवायची. मागे ती नऊ राहायची. त्यांची पंगत ती पाचही दिवस स्वतःच्या खोलीत मांडायची.

न्यायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही, ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती. ती एका चुकीतून शिकली होती आणि चूक तिची स्वतःची होती. वीस वर्षांपूर्वी बोर्डिंगात गंगा नावाची मुलगी होती. तिचा मामा दरवर्षी गणपतीला यायचा. एका वर्षी तो आला तेव्हा गंगाला ताप होता. कमळाने त्याला फाटकातूनच झापलं. "पोरगी तापानं फणफणलीय आणि न्यायला काय आलाव? तिकडं औषध कोण देणार तिला?" मामा गरीब माणूस, मुकाट्याने गेला. पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गंगा बोर्डिंगातच मोठी झाली आणि तिचं लग्नही तिथल्याच अंगणात लागलं. नवऱ्याकडच्या भटजींनी सवयीने पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." अंगणात कोणीच उठलं नाही. दारात उभ्या असलेल्या गंगाने कमळाकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच बघितलं. ते बघणं कमळाला अजून पचलेलं नाही.

तर आता यंदाची गोष्ट. तेजस्वी नावाची दहा वर्षांची मुलगी. देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी एका वाडीतली. आई तिच्या जन्मानंतर महिन्याभरातच गेली. बाप अनिल मुंबईला एका कंपनीच्या फाटकावर सिक्युरिटीत होता. गावी येताना महामार्गावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. मागे उरला अनिलचा बाप, आत्माराम, शहात्तर वर्षांचा. शाळा लांब, वाटेतला ओढा, तिकडे त्याला पऱ्ह्या म्हणतात, पावसाळ्यात तुडुंब, म्हाताऱ्याच्याने पोर सांभाळवेना, म्हणून त्याने काळजावर दगड ठेवून नातीला बोर्डिंगात आणून सोडलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो एसटीने यायचा, पिशवीत कधी घावणे, कधी उकडलेल्या फणसाच्या आठळ्या. फाटकाशीच चपला काढायचा आणि अनवाणी आत यायचा. त्याची काही गरज नव्हती. कमळा दर वेळी त्याच्यावर डाफरायची आणि तो दर वेळी काढायचा.

आत्मारामाच्या भावकीत गणपती एकच, मूळ घरात बसणारा. भावकीच्या चुली चार, आणि दरवर्षी एकेका चुलीकडे त्याचा मान. ज्यांचं वर्ष त्यांनी मूर्तीवाल्याकडे आपला पाट द्यायचा, त्याच पाटावरून मूर्ती आणायची आणि पूजेला बसायचं. मागच्या खेपेला अनिल बसला होता आणि सहा वर्षांची तेजस्वी त्याच्या मांडीला मांडी लावून. यंदा पुन्हा अनिलच्या चुलीचं वर्ष आलं. भावकीत कुजबुज सुरूच होती. अनिलच्या मागे आहे कोण? म्हातारा आज आहे, उद्या नाही. पोरगी कुठे तिकडे बोर्डिंगात. चारच्या तीन चुली करून टाका. आत्मारामाने श्रावण लागायच्या आधीच मूर्तीवाल्याकडे पाट नेऊन दिला आणि भावकीला सांगून टाकलं, यंदा पूजेला माझी नात बसेल. तेजस्वी बसली की अनिलचं घर भावकीत उभं राहणार होतं. नाही बसली तर मिटणार होतं. म्हाताऱ्याने हे सगळं कमळाला सांगितलं, आणि दोन दोनदा सांगितलं.

गणपतीला दहा दिवस उरले असताना साळवी सरांनी कमळाला ऑफिसात बोलावलं. दीपक साळवी हे बोर्डिंगचे अधीक्षक. माणूस वाईट नव्हे, घाबरट. मुंबईच्या एका चर्चमधली तरुण मंडळी तीन वर्षांपासून बोर्डिंगला मदत करत होती. चांगली पोरं, हे कमळाही मान्य करायची. प्यायच्या पाण्याचं मशीन त्यांनी बसवलं, मुलींच्या संडासांना कड्या त्यांनी लावल्या, आणि दर रविवारी ती फोनवरून मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायची. प्रत्येकाने तीन-चार मुलं वाटून घेतली होती. यंदा ती बाराजणं पाच दिवस राहायला येणार होती, शिबिर घ्यायला. आणि त्यांना ऑफिसची रजा मिळत होती ती नेमकी गणपतीत.

"यंदा कोणी घरी जाणार नाही," साळवी सर म्हणाले. "चाळीसच्या चाळीस मुलं शिबिराला हवीत. सगळ्या पालकांना मी फोन केलेत."

"कोणाला विचारून?"

"कमळाबाई, ती माणसं आपली सणाची सुट्टी सोडून येणार. मुलंच दिसली नाहीत तर परत येतील का?"

"मग सांगा की त्यांना, गणपतीत मुलं घरी जातात. दिवाळीत या म्हणावं."

साळवी सर टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. ते आधीच सारखे होते. "त्यांच्याकडे यादी गेलेली आहे," ते म्हणाले. "चाळीस अनाथ मुलांची."

कमळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस मुलांची आई, बाप, आजा, आत्या या माणसाने कागदावर मारून टाकली होती. कोणाची हरकत यायचा प्रश्नच नव्हता, मेलेली माणसं हरकत घेत नाहीत.

"आत्मारामबाबांनाही केलात फोन?"

"केला. ते बरं म्हणाले."

"त्यांचं यंदा वर्ष आहे. पोरीला पूजेला बसायचंय."

"ठाऊक आहे मला. आणि खरं सांगू? आपली ख्रिस्ती संस्था. मूल गणपतीच्या पूजेला पाठवा म्हणून तुम्ही भांडावं, हे काही शोभत नाही."

"सर, मी दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. माझा देव मला तुमच्याकडून शिकायचा नाही. गणपतीचं मला काही पडलेलं नाही. पोरीच्या बापाचं घर बुडतंय, त्याचं पडलंय. मुंबईच्यांना मुलं दाखवायची तर तुमची दोन दाखवा. आयजीच्या जिवावर बायजी उदार."

बाहेर पडताना तिने दार आपटलं. ते बिजागरीतून आधीच निखळलेलं होतं, ते पडलंच. दोन दिवस ऑफिस उघडं राहिलं आणि कमळाने सुताराला निरोप दिला नाही.

तरी तिला वाटत होतं, म्हातारा येईल. गावची माणसं साहेबाच्या फोनला बरंच म्हणतात, आणि मग करायचं तेच करतात. तिने त्याला फोन लावून बघितला. वाडीत रेंज मिळते ती वरच्या देवळापाशी, फोन काही लागला नाही. हरतालिकेच्या सकाळी तेजस्वी चांगला फ्रॉक घालून, पिशवी मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. दुपार झाली, आत्माराम आला नाही. कोणीच आलं नाही. साहेबाचा शब्द म्हणजे हुकूम, असं सगळ्यांनी धरलं. दाभोळची आई तेवढी आली, तिला फोन लागला नव्हता म्हणून. तिच्या लेकीला कमळाने मागच्या दाराने बाहेर काढून दिलं. चाळिसांचे एकोणचाळीस झाले. तेवढ्यात मुंबईची मंडळी गाड्यांतून उतरली आणि कमळाला एक्कावन्न माणसांच्या भाकऱ्यांना बसावं लागलं. भाकरी थापताना ती इतक्या जोरात थापत होती की अंगणात ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. सकाळी अंगणात टी-शर्टांचं वाटप सुरू झालं. पिवळे टी-शर्ट, पाठीवर ज्याचं त्याचं नाव आणि छातीवर 'तू एकटा नाहीस'. मंडळी उत्साहात होती, फोटो निघत होते. तेजस्वी कालच्याच पायरीवर, कालच्याच फ्रॉकमध्ये. तिच्या नावाचा टी-शर्ट घेऊन विनीत तिथे आला. हा अठ्ठावीस वर्षांचा, कॉम्प्युटरच्या कंपनीतला, उंच आणि बोलायला गोड. दोन वर्षं दर रविवारी तो तेजस्वीला गणित शिकवायचा.

"मावशी, ही टी-शर्ट का घालत नाहीये? बरं नाही का तिला?"

"बरी आहे. घरी जायला बसलीय."

"कोणाच्या घरी?"

"तुझ्या नाही. तिच्या."

विनीतला काही कळेना. तो तेजस्वीकडे बघून हसला, मग कमळाकडे बघितल्यावर त्याचं हसू गेलं.

"आजा आहे तिचा," कमळा म्हणाली. "जिवंत. हातीपायी धड. आज तिच्या बापाच्या घरचा गणपती, चार वर्षांनी एकदा येणारा. त्या पूजेला बसायचं सोडून ती इथं तुमच्या टी-शर्टाची वाट बघत बसलीय असं वाटलं तुला?"

"पण फॉर्मवर तर नातेवाईक कोणी नाही, असं…"

"चुलीत घाल तो फॉर्म. दोन वर्षं अपूर्णांक शिकवतोयस तिला. एकदा तरी विचारलंस, बाय गो, घरी कोण कोण आहे तुझ्या?"

विनीतचा चेहरा पडला. "आम्हाला सांगितलेलं असतं, मावशी. मुलांना घरच्यांबद्दल काही विचारायचं नाही. त्यांना त्रास होतो. यायच्या आधी ट्रेनिंग असतं आमचं, त्यात पहिलंच हे सांगतात."

हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बारा शिकलीसवरलेली माणसं, तीन वर्षं, दर रविवारी पोरांशी बोलत होती, आणि पोरांचं मन दुखायला नको म्हणून एकानेही साधा प्रश्न विचारला नव्हता. तिने तेजस्वीला विचारलं, "आणि तू का नाही सांगितलंस गो दादाला?"

"दादानी विचारला नाय," तेजस्वी म्हणाली. "मना वाटला, त्येंना आयकायचा नसंल."

कमळाला आता राग कोणावर काढावा ते कळेना, कारण आणखी एक गोष्ट आठवून तिचा चेहरा तापला होता. दरवर्षी फोटोसाठी मुलांची रांग कोण लावत होतं? तीच. 'अनाथ मुलांसोबत' असं लिहिलेलं कापड मागे टांगायला खिळे कोणी ठोकले होते? तिनेच. फलकावरचा शब्द तिला खुपायचा, पण मासेवालीला सुनावणारी तिची जीभ मुंबईच्या पाहुण्यांसमोर तीन वर्षं गप्प बसली होती. पाण्याचं मशीन येईपर्यंत गप्प, कड्या लागेपर्यंत गप्प.

विनीत अंगण ओलांडून साळवी सरांकडे गेला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. सर हातवारे करत होते, "परिस्थिती" हा शब्द दोनदा आला. विनीत परत आला तो गाडीची किल्ली हातात घेऊन.

"बसा मावशी. मी सोडतो."

"बसते. पण वाटेत सॉरीबिरी म्हणत बसू नको. डोकं उठतं माझं."

हातखंब्यापासून पुढे रस्त्याचं काम चालूच, वर मुंबईहून आलेल्या गाड्यांची ही रांग. कमळा खिडकीतून रस्त्यावरच्या प्रत्येकाला शिव्या घालत होती. मागच्या सीटवर तेजस्वीचं तोंड सुरू झालं ते थांबेना. आमच्या गाईचं नाव चांदी. काशीराम काकाला गोड चालत नाही तरी तो चोरून मोदक खातो. बाबा आरतीत मधेच वरचा सूर लावायचे आणि सगळे हसायचे. विनीत आरशातून तिच्याकडे बघत "हो का?" एवढंच म्हणत होता. दोन वर्षांचं साचलेलं होतं, ते पोरगी दोन तासांत बोलत होती.

वाडीत पोचले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मूळ घराच्या ओटीवर माणसं जेवायला बसायच्या बेतात होती. आत गणपती बसलेला, वर रानफळांचे घोस टांगलेले, समया तेवत होत्या. पाटाजवळ सोवळं नेसून उभा होता तो काशीराम, अनिलचा चुलतभाऊ. तेजस्वीला बघून तो चपापला.

"आलीस बाय? आता?" मग कमळाकडे बघून म्हणाला, "आत्मारामतात्यानी पाटाचा मान माज्याकडं दिलान. आट दिवस झाले. पोरगी येनार नाय, सायबाचा फोन आला म्हनाले. घरात गनपती आनायचा नाय असा कसा चालंल?"

"आता तिला बसवा पूजेला."

"एकदा बसला तो बसला, बाई. विसर्जन होईपर्यंत तेच्यात काय बदलता येत नाय. संकल्प माज्या नावानी झाला." समईची वात पुढे करत तो म्हणाला, "आनि सकाळी सगळी जमलेली, तवा बोलना पन झाला. पुडल्या वर्षापास्ना तीन चुली. तात्या पन बरा म्हनाले."

कमळाने त्याला घालून पाडून बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. यात काशीरामाची चूक कुठली होती? त्याने गणपतीचा पाट रिकामा ठेवला नव्हता, एवढंच. चूक नसलेल्या माणसाचा राग करायला तिला तरी कुठे येत होतं.

आत्माराम मागच्या पडवीतून आला. गाडी, शहरी कपड्यातला विनीत आणि कमळा, असं एकदम बघून त्याने आधी विनीतला हात जोडले. मग नातीच्या केसांवरून हात फिरवला, एकदाच.

"तुमी कशाला तरास घेतलाव सायेब? उपकार हायत तुमचं. पोर तुमच्या अन्नावर वाडतंय." त्याने स्टूल ओढलं, खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं आणि विनीतला घरासमोरच्या खळ्यात, अंगणात, बसायला दिलं. विनीत बसेना तसा त्याने त्याला हाताला धरून बसवलं. "शिबिर बुडला काय तिचा? तुमची खोटी झाली आसंल तर न्या तिला आताच. भेटली, झाला. माजा काय नाय."

"तुमचं काय नाही?" कमळा म्हणाली. आतली पंगत गप्प झाली इतकं ते मोठ्याने होतं. "लेकाचं घर गेलं तुमच्या. सकाळी गेलं, इथंच, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि तुमचं काय नाही? फोनवर नाही म्हणायला काय झालं होतं, बाबा? एक शब्द होता. माझं वर्ष आहे, पोरगी पाठवा."

आत्माराम तिच्याकडे बघत राहिला. तिला एवढं साधं कसं कळत नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"ज्येच्या हातचा पोर जेवतंय, त्येला नाय कसा म्हनायचा, बाई?"

वर्षानुवर्षं कमळा त्या पोरांना वाढत होती. तिच्याच हातचं होतं ते जेवण. ती त्याच्यासमोर खळ्यातल्या सारवणावर उकिडवी बसली.

"आता म्हणा," ती म्हणाली. "हा बसलाय साहेब समोर. म्हणा, माझी नात पाच दिवस माझ्या घरी राहणार, न्यायची नाही. एकदा म्हणा माझ्यादेखत."

आत्माराम ओशाळं हसला. त्याने विनीतकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"म्हणा ना आजोबा," विनीत म्हणाला. त्याने तर म्हातारा आणखीच गांगरला.

"मी जायाची नाय," तेजस्वी म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मी हितंच ऱ्हानार."

"गप बस," आत्माराम तिच्यावर खेकसला. मग विनीतकडे वळून त्याने घाईघाईने पुन्हा हात जोडले. "पोर हाय सायेब. मनावर घेव नका. असा उलट बोलायची नाय ती, कदी बोलायची नाय."

तेजस्वीने मान खाली घातली. कमळा गुडघ्यावर हात टेकून उठली, तिला चौकटीपासून ओढून विनीतच्या आणि म्हाताऱ्याच्या मधोमध उभी केली आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"परत म्हण," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."